मोबाईलवर आहे ना जी!

नव्या वर्षाचं कॅलेंडर घरात आलं की आमच्याकडे प्रत्येक जण त्यात आपापलं दैवत शोधतो. आई एकादशा शोधते, सौ. दुधाचा हिशेब लिहिण्यापुरती मोकळी जागा शोधते, चिरंजीव परीक्षेच्या तारखा सोडून बाकी सगळं शोधतात, आणि मी २५ डिसेंबर शोधतो.

मी बी. कॉम. आहे आणि भंडाऱ्यात एका बँकेत कारकून आहे. हल्ली कारकुनाला कारकून म्हणत नाहीत, 'असोसिएट' म्हणतात. पासबुकं मात्र पूर्वीसारखीच छापावी लागतात. शाळा-कॉलेजवाल्यांना नाताळची 'सुट्टी' असते, आम्हाला नाताळची 'सुटी' असते. म्हणजे एकच, सुटी, चिल्लर. तीही कधी खोटी निघते. २०२१ साली नाताळ आला तो चौथ्या शनिवारी. चौथा शनिवार आम्हाला २०१५ पासून तसाही बंदच, म्हणजे एका सुट्टीनं दुसरी गिळली. २०२२ साली तो आला रविवारी. सलग दोन वर्षांचा हा तोटा कुठल्या खात्यावर नावे टाकायचा, हे आम्हाला तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

पण २०२३! शनिवार २३ डिसेंबर, चौथा. रविवार २४. सोमवार २५, नाताळ. सलग तीन दिवस! शाखेत महिनाभर आधीपासून बेत शिजू लागले. कुणी पचमढीला निघालं, कुणी ताडोबाला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "घरीच आहे. भिंतीवर तीन रात्री तीन जुने सिनेमे दाखवणार आहे. दिवाळीत प्रोजेक्टर घेतला."

"कोणते सिनेमे?" हेड कॅशियरनी नोटा मोजता मोजता विचारलं.

"पहिल्या रात्री 'संत तुकाराम', दुसऱ्या रात्री 'श्यामची आई', तिसऱ्या रात्री चार्ली चॅप्लिनचा 'द किड'."

हेड कॅशियरचा हात थांबला. एरवी शाखेत आग लागली तरी त्यांचा हात शंभराच्या आत थांबत नाही. माझ्याकडे दयेनं पाहत ते म्हणाले, "हे? हे तर मोबाईलवर आहे ना जी!"

वाचकहो, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. शिपायानं ऐकवलं, मॅनेजरसाहेबांनी ऐकवलं, मुदत ठेव मोडायला आलेल्या एका काकांनी ठेव मोडायची थांबवून ऐकवलं. घरी आल्यावर चिरंजीवांनी तेच मोबाईलवरची नजर न काढता ऐकवलं. माझं भांडण आहे ते याच वाक्याशी. गेल्या पंधरा वर्षांत या चार शब्दांनी जेवढा चांगला सिनेमा मारला, तेवढा वाईट सिनेमे काढणाऱ्यांनीही मारला नसेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी हेड कॅशियरना उलट विचारलं, "मोबाईलवर आहे ना? मग तुम्ही 'संत तुकाराम' कधी पाहिला?"

"पाहू ना कधीतरी. कुठं पळून चालला तो?"

हीच तर गंमत आहे. पळून जाणाऱ्या वस्तूमागे माणूस धावतो. न पळणारी वस्तू तो उद्यावर टाकतो, आणि उद्या हा वार कुठल्याच कॅलेंडरात नसतो. आमच्या धंद्यात याला नाव आहे. खातेदारानं दोन वर्षांहून जास्त काळ स्वतः काहीच व्यवहार केला नाही, की ते खातं 'निष्क्रिय' होतं. पैसे असतात, व्याजही पडतं, पण खात्याला कुणी हात लावत नाही. दहा वर्षं असंच गेलं की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या २०१४ सालच्या योजनेप्रमाणे एका वेगळ्या निधीत जमा होते. अर्ज केला तर परत मिळते, पण अर्ज करायला माणसाला ठाऊक तर हवं की आपले पैसे होते! बहुतेक वेळा पैसे ठेवणारा आजोबा गेलेला असतो आणि नातवाला त्याचा पत्ताच नसतो. आपले जुने सिनेमे या घडीला अशाच निष्क्रिय खात्यात पडून आहेत. शिल्लक विचारली तर भरपूर. व्यवहार शून्य.

जे खरोखर हरवलं, त्याच्यासाठी आपण हळहळतो. 'आलम आरा', १९३१ साली आलेला आपल्या देशातला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलं आहे. पुण्यात जिथं 'प्रभात'चा स्टुडिओ होता तिथं पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आली. त्या आवारात जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि कितीतरी जुन्या नायट्रेटच्या फिती जळून गेल्या. नायट्रेटची फीत म्हणजे जवळजवळ दारूगोळाच, पेटली की विझत नाही. हे वाचताना आपण 'अरेरे' म्हणतो. आणि 'संत तुकाराम' वाचला, खिशातल्या मोबाईलपर्यंत सुखरूप येऊन पोचला, तर त्याला आपण म्हणतो, पाहू ना कधीतरी. जळालेल्यासाठी रडायचं आणि वाचलेल्याकडे बघायचं नाही, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप आमच्या गल्लीतल्या एका काकांचा. ते म्हणाले, "नाताळात 'संत तुकाराम'? याचा त्याच्याशी काय संबंध? नाताळ काय आपला सण आहे काय?"

मी म्हटलं, "काका, नाताळ नसता तर आपला सिनेमाच नसता."

आणि हे मी पदरचं सांगत नाही. दादासाहेब फाळक्यांनी पुढे १९१७ साली स्वतःच लिहून ठेवलं आहे की १९१० सालच्या नाताळातल्या एका शनिवारी त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांना आपले राम आणि कृष्ण दिसू लागले. काही अभ्यासक म्हणतात, नाताळ नव्हे, १९११ चा ईस्टर. असेल. पण आम्ही बँकेतली माणसं खातेदाराच्या स्वतःच्या सहीवर विश्वास ठेवतो. लगेच ते सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखवायला घेऊन गेले. आणि मग त्यांनी काय केलं? छोटं यंत्र आणि रिळं आणली, मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडला आणि रात्री घरच्या भिंतीवर चित्रं दाखवत बसले! पाहून पाहून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. सौ.ला हा शेवटचा भाग सांगायला नको होता. पण मुद्दा असा, की ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याच्या आधी आपला सिनेमा एका घराच्या भिंतीवर जन्मला होता. मी काही नवीन करत नव्हतो. फक्त मेणबत्तीऐवजी एल.ई.डी. होती.

आता त्या यंत्राबद्दल. किंमत साडेसात हजार. खोक्यावर ठळक अक्षरांत 'फोर के सपोर्ट'. घरी आणल्यावर कळलं, की 'सपोर्ट' म्हणजे आमच्या आमदारांचा असतो तसा. मोठं चित्र आलं तर यंत्र ते घेईल, 'हो हो' म्हणेल, आणि भिंतीवर आपल्या ऐपतीप्रमाणे चारशे ऐंशी रेघांतच दाखवील. लुमेन किती, तर खोक्यावर हजारात. खरे मोजायचे ते 'अँसी' लुमेन, ते खोक्यावर कुठेच नव्हते. म्हणजे एक घोषित भांडवल आणि एक वसूल भांडवल, आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातल्यासारखं. तेव्हा मी आधीच कबूल करतो : भिंतीवरचं चित्र मोबाईलवरच्या चित्रापेक्षा धूसर होतं. माझं भांडण चित्राच्या स्वच्छतेसाठी नाहीच.

पण जागा आणि वेळ अशी, की देवानंच नेमून द्यावी. आमच्या भंडाऱ्यात उन्हाळ्यात भिंत रात्री दहापर्यंत तापलेली आणि पावसाळ्यात प्रत्येक किडा नायकाच्या नाकावर बसलेला. डिसेंबरच्या शेवटी मात्र सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, रात्र वर्षातली सगळ्यांत लांब, किडे नाहीत, पंख्याची घरघर नाही. मी अंगणातली शेजारच्या खोलीची भिंत चुन्यानं पांढरी केली. चादर टांगायचा सल्ला सगळे देतात, पण चादरीतून निम्मा उजेड पलीकडे जातो आणि वारा आला की तुकाराम डुलतात.

आमच्या लहानपणी मात्र चादरीचंच राज्य होतं. गणपतीत रस्त्याच्या मधोमध पडदा, पुढे बायाबापे आणि मागच्या बाजूला आम्ही पोट्टे. मागून सिनेमा उलटा दिसायचा, सगळे नट डावखुरे. एकटा अमिताभ बच्चन तेवढा उजव्या हातानं लिहिताना दिसायचा. पुढे कळलं की तो मुळात डावखुरा आहे. त्या पडद्यामागचं एकही दृश्य मी आज विसरलो नाही. परवा मोबाईलवर काय पाहिलं ते विचाराल तर सांगता येणार नाही.

शनिवारी साडेसहाला 'संत तुकाराम' सुरू झाला. सतरंजीवर एकोणीस माणसं, त्यांत सात गोधड्या. पहिल्याच मिनिटाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा कसे कृश, भोळे. इथं भिंतीवर एखाद्या सुखवस्तू हलवायासारखे आडवे पसरले होते. कारण १९३६ सालचं चित्र जवळजवळ चौकोनी, चारास तीन. आजचा पडदा लांबट, सोळास नऊ. मोकळी जागा दिसली की ती भरायचीच, या आपल्या राष्ट्रीय सवयीनुसार यंत्रानं तुकाराम महाराजांना ओढून जागा भरली होती. हे घरोघरी टी.व्ही.वर चालतं आणि कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं. ज्यानं आयुष्यभर उपास काढले, त्याचं वजन आपण वाढवू नये. सेटिंगमध्ये जाऊन मी महाराजांना मूळ रूपात आणलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या, राहू द्या.

दुसरा घोळ जास्त गंभीर होता. सिनेमा सौ.च्या मोबाईलवरून भिंतीवर जात होता. जिजाई आजारी पोराला ओढत, हातात पायताण घेऊन, थेट पांडुरंगाला जाब विचारायला निघाली आहे, सगळे श्वास रोखून पाहताहेत, आणि पांडुरंगाच्या डोक्यावर वीतभर उंचीच्या अक्षरांत मेव्हणीचा निरोप उमटला : 'तुझी नणंद येणार असेल तर मी येत नाही.' नणंद दुसऱ्या रांगेत, शेंगा सोलत बसली होती. त्यानंतरची पाच मिनिटं सिनेमा कुठला पाहावा हे एकोणीस जणांना कळेना. तेव्हा हा अनुभवाचा बोल घ्या : मोबाईल आधी विमानासारखा करावा, मगच तुकाराम वैकुंठाला न्यावेत.

पण त्याही गोंधळात एक गोष्ट घडली. जिजाईनं पायताण उचललं तेव्हा सतरंजीवरच्या सगळ्या बाया एकदम हसल्या, आणि बापे थोडे उशिरा, सावधपणे हसले. घरी संत असला तर जळणफाट्याचं कोण पाहतं, हा प्रश्न त्या हसण्यात होता. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला होता. तिथल्या लोकांना जिजाईची भाषा येत नव्हती, पण प्रश्न कळला असणार. एकट्यानं कानात बोंडं घालून पाहणाऱ्याला मात्र अर्धाच सिनेमा मिळतो. शेजारची बाई कशावर हसली, हा दुसरा अर्धा.

तिसरा आक्षेप : आजकाल कुणाला एवढा धीर आहे? दहा सेकंदांत माणूस पुढे ढकलतो.

हे मला भंडारा जिल्ह्यात ऐकावं लागतं याचं आश्चर्य वाटतं. अहो, आपण झाडीपट्टीची माणसं! दिवाळी झाली, मंडई सुरू झाल्या की गावोगाव नाटकं लागतात. रात्री दहानंतर पडदा वर जातो आणि कोंबडा आरवेपर्यंत खाली येत नाही. डिसेंबरची थंडी, खाली तणस नाहीतर पोतं, अंगावर गोधडी, आणि हजारो माणसं तिकीट काढून बसतात. धान विकल्यावरचा पैसा आणि झोप, दोन्ही खर्च करून. झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती काय दहा सेकंदांची नाटकं करून? धीर संपलेला नाही. मोबाईल हातात असला की तो वापरावा लागत नाही, एवढंच. पुढे ढकलायचं बटन दिसलं की बोट जातं. भिंतीला बटन नाही.

चिरंजीवांचा पुरावा देतो. पहिल्या रात्री ते कोपऱ्यात, तोंडावर निळा उजेड. दुसऱ्या रात्री मोबाईल खिशात, पण हात खिशावर. तिसऱ्या रात्री, २५ डिसेंबरला, 'द किड' लावला. १९७७ साली याच तारखेला चॅप्लिन गेला. १९२१ चा सिनेमा, मुका, काळापांढरा, म्हणजे 'आजच्या मुलांना आवडत नाही' या जातीतला अगदी अस्सल. पोरगं दगड मारून खिडक्यांच्या काचा फोडतं आणि मागून चॅप्लिन काचा बसवायला हजर! मागणी कशी निर्माण करावी, हे बी. कॉम.ला मला तीन वर्षं शिकवून जमलं नाही, ते त्यानं दोन मिनिटांत सांगितलं. गल्लीतले पोट्टे सतरंजीवर लोळले. पुढे त्या पोराला अनाथाश्रमाची गाडी उचलून नेते तेव्हा एकदम शांतता. आमच्या चिरंजीवांनी अंधारात विचारलं, "बाबा, सोडवतो ना तो त्याला?" मी म्हटलं, "पाह्य ना." मोबाईल असता तर त्यानं पुढे ढकलून पाहिलं असतं. इथं त्याला थांबावं लागलं. भिंतीसमोर सगळ्यांना सारखंच थांबावं लागतं, आणि सिनेमा त्या थांबण्यात असतो.

मॅनेजरसाहेबांना कायद्याची काळजी वाटत होती, तीही फेडतो. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षं. १९२१, १९३६, १९५३. तिन्ही मुदती केव्हाच भरल्या. शिवाय तिकीट नव्हतं. चहा होता, तोही सौ.नं दिलेला, त्याचा हिशेब अजून चालू आहे.

आता दुसरी रात्र. ती मी मुद्दाम मागे ठेवली.

२४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस, १८९९ चा. म्हणून त्या रात्री 'श्यामची आई'. आचार्य अत्र्यांचा, १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. माझी आई पवनीची. सहा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तिला तंबूतला हा सिनेमा दाखवायला नेलं होतं. ती मध्येच झोपली. आबांनी तिला खांद्यावर टाकून घरी आणलं. त्यानंतर पासष्टहून जास्त वर्षं तिनं अर्धाच 'श्यामची आई' पाहिलेला होता.

आणि मोबाईलवर आहे ना जी! मी स्वतः तिला तीनदा लावून दिला होता. एकदा तिच्या डोळ्यांना ते तळहाताएवढे लोक दिसेनात. एकदा मध्येच कर्ज देणाऱ्यांचा फोन आला. एकदा मीच 'जरा दे, पैसे पाठवायचेत' म्हणून तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि परत द्यायला विसरलो. तिन्ही वेळा ती काही बोलली नाही. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' असं आपण म्हणतो. इथं आड काठोकाठ भरलेला होता, पण दोर धरून उभं राहायला घरात कुणाला वेळ नव्हता.

त्या रात्री ती खुर्चीवर, पायांवर दुलई, अगदी पुढे बसली. मध्यंतराच्या सुमारास मी पाहिलं, जागी होती. शेवट झाला. वनमालाबाईंची ती आई गेली. सतरंजीवर नाकं पुसली जात होती, नणंदेनं मेव्हणीला रुमाल दिला. मी दिवा लावला आणि आईकडे पाहिलं. ती भिंतीकडेच बघत होती. मग म्हणाली, "एवढं रडू येते म्हणून आबांनी मले उठवलं नसन."

मी काही बोललो नाही. वायर गुंडाळत बसलो.

मंगळवारी बँक उघडली. हेड कॅशियर तिसऱ्या रात्री येऊन गेले होते, नातवाला घेऊन. नोटा मोजता मोजता म्हणाले, "तो तुकाराम राहूनच गेला जी."

मी म्हटलं, "मोबाईलवर आहे ना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घालून पासबुकं छापायला घेतली.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच. साडेसात हजारांचं यंत्र नसलं तर कुणाचं तरी मागून आणा. तेही नसलं तर टी.व्ही. अंगणाकडे तोंड करून लावा. पण मोबाईल विमानासारखा करा, चित्र ओढू नका, मध्ये थांबवू नका, आणि शेजाऱ्यांना बोलवा. खातं चालू ठेवायला फार काही लागत नाही, एक व्यवहार पुरतो. २०२६ सालचा नाताळ शुक्रवारी आहे. २६ ला चौथा शनिवार, २७ ला रविवार. सलग तीन रात्री. मी पाहून ठेवलं आहे. भिंतीला चुना तेवढा द्यायचा आहे.